एका सॉकेटचा अ‍ॅम्प

रोझेर थिबोडोला कोणी विचारलं असतं, बाबा रे, बँडमध्ये तू काय वाजवतोस, तर तो म्हणाला असता, "आल्सीडबरोबर वाजवतो." गिटार वाजवतो असं काही त्याच्या तोंडून आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्याला कोणी विचारतही नव्हतं.

आल्सीड हा त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. बँड आल्सीडचा, व्हॅन आल्सीडची, माइक आल्सीडचे. रोझेर आणि लॉरेट ज्या घराच्या माडीवर राहत, ते घरसुद्धा आल्सीडचंच; खालच्या मजल्यावर तो आणि त्याची म्हातारी आई. गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, म्हणजे अ‍ॅम्प, तोही त्याचाच, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, दोन माणसांनी उचलावा असा. त्याला गिटारची वायर खोचायला वरखाली दोन सॉकेट होती. वरचं आल्सीडचं, खालचं रोझेरचं. लग्न झालं त्या वर्षी आल्सीड मोठ्या मनाने म्हणाला होता, "घाल रे तुझी वायर यातच, वेगळा खर्च कशाला करतोस?" ते मोठं मन रोझेरच्या मानगुटीवर जे बसलं ते बसलंच. पोरं मोठी होऊन दक्षिणेकडे निघून गेली, गावातली कागदाची गिरणी बंद पडली, रोझेरच्या डोक्यावरचे केसही गेले. वायर मात्र त्याच खालच्या सॉकेटात.

आता एका खोक्यात दोन गिटारी घुसवल्या की दोघींचाही आवाज उतरतो. विजेचा तो नियमच आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण आल्सीडला हे कोण सांगणार? रोझेरने वायर खोचली की तो हमखास ओरडायचा, "आला बघा माझा आवाज खायला! जरा बारीक ठेव रे, जावईबापू." जावईबापू बारीक ठेवायचे. ड्रमवर बसणारा फर्नान, आल्सीडचाच चुलतभाऊ, दात काढायचा. झालं, हॉलमधला नाच सुरू.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. सोसण्यासारखं नव्हतं ते वेगळंच. दोन्ही गिटारी एकाच स्पीकरमधून बाहेर पडायच्या, त्यामुळे कोणता सूर कोणाचा हे हॉलमध्ये कोणालाच कळायचं नाही. आणि आल्सीड पडला गाणारा, उंचापुरा, पांढऱ्या बुटांचा. शेवटून दुसरं गाणं म्हणजे ती जुनी वॉल्ट्झ, म्हातारी जोडपी जिच्यावर हळूहळू गिरक्या घेतात ती. तिच्यात दोन कडव्यांच्या मध्ये गिटारचा एक तुकडा येतो. तो तुकडा रोझेरने स्वतः बसवला होता. आधी एक सूर नुसता धरून ठेवायचा, मग पायरी पायरीने खाली यायचं, आणि आता संपलं असं वाटत असतानाच परत वर जायचं. हॉलमधल्या म्हाताऱ्या तिथे डोळे पुसायच्या. आणि नेमक्या त्याच वेळी आल्सीड मान मागे टाकायचा, डोळे मिटायचा आणि गिटारवर बोटं फिरवायचा. साधे सूर धरायचा, पण चेहरा असा करायचा की जणू त्याच्याच काळजातून निघतंय सगळं.

गेल्या हिवाळ्यात मादाम ड्यूमे नाच संपल्यावर स्टेजपाशी आल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच यायच्या, पण वॉल्ट्झ कधी चुकवायच्या नाहीत. आल्सीडचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तो मधला तुकडा वाजवतोस ना, तेव्हा माझा माणूस माझ्याजवळ असतो बघ." आल्सीड म्हणाला, "देवाची कृपा, मादाम." रोझेर तिथेच वायर गुंडाळत होता. लॉरेटही तिथेच होती, भावाच्या शेजारी. ती म्हणाली, "आमच्या घराण्यातच आहे ते." बाकी जग गेलं उडत, पण लॉरेट?

दर वेळी हेच. परतताना लॉरेट पुढे भावाच्या शेजारी बसायची, रोझेर मागे ड्रम आणि खोक्यांच्या गर्दीत. व्हॅन पूल ओलांडू लागली की आल्सीड बहिणीकडे नुसता बघायचा, आणि ती म्हणायची, "छान वाजवलंस आज, आल्सीड." मागे रोझेर ड्रम कलंडू नये म्हणून मिठी मारून बसलेला.

गिरणी गेल्यापासून रोझेर गावच्या कचरा डेपोवर कामाला होता. तिथे तरी सुटका? छे! अख्खं गाव गाडीत पिशव्या भरून यायचं, आणि पिशवी फेकता फेकता म्हणायचं, "रोझेर, मेहुण्याला सांग हं, वॉल्ट्झ काय झाली परवा!" रोझेर म्हणायचा, "सांगतो." काय करणार? मीच तो म्हणून छाती ठोकायची? घर त्याचं, भाडं नावापुरतं, म्हातारीचं औषधपाणी दोघं भावंडं मिळून बघणार. अशा घरात एका तुकड्यासाठी कोण भांडण उकरतं? म्हणतील, इतक्याशा गोष्टीसाठी जीव जातोय का तुझा? आणि जात होता, हे त्याला कोणाला सांगता येत नव्हतं.

घरी तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी गिटार घेऊन बसायचा. अ‍ॅम्प खाली आल्सीडकडे, त्यामुळे इलेक्ट्रिक गिटार तशीच कोरडी वाजवायची. अ‍ॅम्पवाचून तिचा आवाज म्हणजे चाळणीवर नखं वाजवल्यासारखा. लॉरेट चुलीपाशी पाठमोरी असायची. तिला यातलं काय कळणार, असं तो धरून चालला होता.

मादाम ड्यूमेंच्या त्या दिवसानंतर त्याने मनाशी ठरवलं. आपला अ‍ॅम्प घ्यायचा. स्वतंत्र. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, म्हणजे आवाज कुठून येतो हे बहिऱ्यालाही कळेल. आपण तोंड उघडायला नको, खोकाच बोलेल. आणि लॉरेटला कळेल. एवढंच हवं होतं त्याला. त्या पुलावर एकदा तिने मागे वळून बघावं.

घरात 'हिवाळी टायर बघून येतो' असं सांगून तो लुईस्टन शहरात गेला. तिथे वेंडेल प्रॅटचं जुन्या वाद्यांचं दुकान होतं. वेंडेलने सिगारेट सोडली होती आणि तिच्याऐवजी तो दिवसभर सरबताची नळी चावायचा.

"घरी वाजवायचाय की हॉलमध्ये?" त्याने विचारलं.

"दोन्हीकडे."

"सगळे असंच म्हणतात," वेंडेल उसासला. "आणि पैसे?"

"फार नाहीत."

"तेही सगळे असंच म्हणतात. ये."

आधी त्याने एक लहानसा काढला, पोरांच्या शाळेच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. दुकानात गोड वाजला. मग वेंडेलने शेजारच्या ड्रमवर एक काठी हाणली आणि तो गोडवा कुठल्या कुठे गेला. "बघ. याला घेऊन हॉलमध्ये गेलास तर तुझं तुलाही ऐकू यायचं नाही."

मग व्हॉल्व्हचा मोठा. त्याचा सूर ऐकून रोझेरच्या अंगावर काटा आला. पण वेंडेलने आवाज कमी केला तसा तो सूर पांघरुणाखाली गेल्यासारखा गुदमरला. "हा खुलतो केव्हा, तर अर्ध्याच्या वर गेला की. घरी तेवढा लावलास तर खालचे लोक वर येतील."

"खालचे लोक घरमालक आहेत."

"मग सोड."

राहिले मधले. व्हॉल्व्हशिवायचे, बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरचे, एका हाताने जिना चढवता येतील असे. वेंडेलने दोन पुढे ओढले, एक करडा, एक काळा. ड्रमसमोर दोघेही टिकले. करड्याचा सूर उबदार होता आणि किंमतही कमी. काळा जरा रुक्ष, पण एक गोष्ट होती. वेंडेल म्हणाला, "आता इतका हळू कर की मी बोललेलं तुला ऐकू येईल." रोझेरने बटण जवळजवळ बंदच केलं आणि तो तुकडा वाजवला. सूर बारीक झाला, पण फाटला नाही, गुदमरला नाही. एक एक स्वर सुटा ऐकू येत होता.

वेंडेलने तोंडातली नळी काढली. "हे कुणाकडून शिकलास?"

"कुणाकडून नाही. बसवलंय."

"तू?" वेंडेल त्याच्याकडे बघत राहिला. रोझेरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत हे विचारणारा हा पहिला माणूस. तोही परका, तोही गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून विचारत असेल कदाचित. तरीसुद्धा त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो वाकून अ‍ॅम्पची मागची बाजू बघू लागला.

"माझं ऐक, करडा घे," वेंडेल म्हणाला. "पैसे वाचतील. शिवाय याला दोन सॉकेट आहेत, काळ्याला एकच. उद्या कोणी दोस्त आला, तर जोडला, काम झालं."

रोझेर ताडकन उठला. "काळा."

"अरे, पण दोन..."

"एकच पाहिजे. काळा दे."

"बरं बाबा! रागावतोस काय? महिनाभर ठेवून बघ, नाही पटला तर बदलून नेशील."

येताना टायर घ्यायचे राहूनच गेले.

लॉरेटने खोका बघितला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आल्सीडला वाईट वाटेल."

"त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? आता त्याचा आवाज कोणी खाणार नाही."

ती गप्प बसली. आल्सीड मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. शनिवारी व्हॅन भरताना त्याने काळ्या खोक्यावर टिचकी मारली. "हा काय जेवणाचा डबा का? का रे जावईबापू, आमच्या अ‍ॅम्पला काय काटे आलेत?"

"तुझा सूर मोकळा होईल म्हणून घेतला," रोझेर म्हणाला.

"अच्छा! माझ्यासाठी घेतलास होय?" आल्सीड हसला, पण नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसतच होत्या.

त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये घेवड्याचं जेवण होतं. काकवीत रात्रभर शिजलेला घेवडा, लालभडक सॉसेज, वाफाळलेला काळा पाव, कोबीची कोशिंबीर. लॉरेट आणि बायका वाढायला, आणि पानं उचलली गेली की नाच. रोझेरने आपला खोका स्टेजच्या स्वयंपाकघराकडच्या टोकाला ठेवला. मुद्दामच. लॉरेट तिथेच भांडी विसळत असायची.

पहिल्याच गाण्यात आल्सीडचा आवाज दणकून निघाला. जोडीला दुसरी वायर नव्हती ना! तरी त्याला पुरेना. पलीकडून रोझेरचा सूर स्वच्छ ऐकू येतोय म्हटल्यावर त्याने बटण आणखी फिरवलं, पुढच्या गाण्यात आणखी. फर्नान मागून ओरडला, "आल्सीड, म्हातारं आहे ते, जरा जपून!" पण आल्सीड इरेला पेटला होता. चौथ्या गाण्यात त्याच्या अ‍ॅम्पमधून एक फाटका घोगरा आवाज आला, मग जळका वास, आणि वरचा लाल दिवा विझला.

आल्सीडने दोन लाथा घातल्या, प्लग काढून घातला. काही नाही. मग वायर उपटून तो तरातरा रोझेरकडे आला, काळ्या खोक्यापुढे वाकला, आणि बोटाने चाचपडू लागला.

"दुसरं कुठाय?"

"नाही दुसरं."

"नाही म्हणजे?"

"एकच आहे."

"एका सॉकेटचा अ‍ॅम्प कोण घेतं रे?" आल्सीडने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली, आणि का घेतला हे आल्सीडला त्या क्षणी कळलं. सवयीने त्याचा हात स्वतःच्या वायरीकडे गेलाही, काढून द्यायला. पण बोटं वळेनात. खाली लोक टाळ्या वाजवत होते, चला, चला, थांबलात काय!

"राहू दे," आल्सीड म्हणाला. "मी नुसतं गातो."

तो गायला. गळ्यात मुकी गिटार अडकवून, वायर पायाशी लोंबकळत असलेली. वाईट गायला नाही. आणि मग लोकांनीच वॉल्ट्झ मागितली.

आल्सीडने पहिलं कडवं म्हटलं. जोडपी फिरू लागली. मादाम ड्यूमे खांबापाशी एकट्याच उभ्या राहून डोलत होत्या. कडवं संपलं, तो तुकडा आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आल्सीडने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि गिटारवर बोटं फिरवायला लागला. वायर जमिनीवर पडलेली. त्याच्या ध्यानातच नव्हतं! तिकडे दुसऱ्या टोकाकडून, काळ्या खोक्यातून, तो सूर निघाला, धरलेला, मग पायरी पायरीने खाली.

मादाम ड्यूमे डोलायच्या थांबल्या. त्यांनी आल्सीडच्या बोटांकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग हळूच मान वळवून रोझेरकडे. एक जोडपं थांबलं, मग दुसरं. फर्नानने खाली मान घालून नुसता ताल धरून ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात लॉरेट ओल्या हातांनी उभी होती.

हाच तो क्षण. याचसाठी सगळा खटाटोप. पण रोझेरला आनंद झाला नाही. आल्सीडने डोळे उघडले होते, आणि समोरचे चेहरे बघून त्याची बोटं गिटारवर तशीच थिजली होती. त्या उंचापुऱ्या माणसाचा चेहरा एकदम म्हातारीसारखा, त्याच्या आईसारखा दिसला. तुकडा अर्ध्यात सोडावा असं रोझेरला वाटलं. सोडला नाही. परत वर जाऊन पुरा केला, आणि आल्सीडने दुसरं कडवं फाटक्या आवाजात म्हटलं.

कोणी काही बोललं नाही. या गावात बोलत नाहीत. मादाम ड्यूमे कोट घालून दोघांनाही मानेनेच निरोप देऊन गेल्या.

परतताना व्हॅन पूल ओलांडू लागली. आल्सीडने बहिणीकडे बघितलं नाही. लॉरेट पुढे बघत बसली होती. मागे रोझेर काळा खोका मांडीशी धरून वाट बघत होता. पूल संपला, गिरणीचं वळण गेलं, घर आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनेहून आल्यावर लॉरेटने बटाटे सोलायला घेतले, आणि पाठमोरीच म्हणाली, "आल्सीड म्हणत होता, त्या दुकानात दोन सॉकेटवाला होता ना? तू बोलला होतास. वरचे पैसे तो देईल. आणशील का बदलून? त्याचा दुरुस्त होण्यातला नाही म्हणे."

"वरचे लागायचे नाहीत. तो स्वस्तच आहे." रोझेरचा आवाज त्यालाच परका वाटला. "लॉरेट, काल ऐकलंस ना तू? दारात होतीस."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? रोज ऐकते." तिने बटाटा पाण्यात टाकला. "रोज संध्याकाळी या टेबलापाशी तेच तर वाजवत असतोस. मी काय बहिरी आहे?"

रोझेर बघतच राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"दुसरं कोण असणार? आल्सीडला येतंय का तसं काही? पहिल्यापासून ठाऊक आहे."

"आणि व्हॅनमध्ये दर वेळी... 'छान वाजवलंस, आल्सीड'... मी मागे बसलेलो असायचो गं!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "मागेच बसलेलो असायचो!"

"हळू. आई झोपलीय खाली." ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "तो बघायचा माझ्याकडे. त्याची बायको सोडून गेली, गिरणी गेली, त्याला पोर ना बाळ. त्याच्याकडे तेवढं एकच होतं. तुझ्याकडे मी होते की नाही?"

"मला विचारलंस कधी?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास का?"

नसता म्हणाला. हे तिला ठाऊक होतं, आणि त्यालाही. तेच तर त्याला सहन होईना. बाहेरून कोणी दार लावलेलं नव्हतं, इतकी वर्षं दोघं मिळूनच ते आतून धरून बसले होते.

मग त्याने काळा खोका भिंतीपाशी ओढला, गिटार जोडली, बटण अगदी खाली ठेवलं आणि तो तुकडा वाजवला. सूर फाटला नाही. लॉरेट हातातली सुरी तशीच धरून शेवटपर्यंत उभी राहिली.

"सुंदर वाजवतोस, रोझेर," ती म्हणाली. इतकं हळू, की बटाट्यांच्या उकळत्या पाण्याचा आवाज मोठा वाटावा.

"जरा मोठ्याने म्हण."

लॉरेटने पायाखालच्या फरशीकडे बघितलं. खाली आल्सीडच्या खुर्चीचा करकर आवाज येत होता.

ती पुन्हा म्हणाली. तितक्याच हळू.